आधी ओळख, मग पारख : मध्ययुगीन इंग्लिश पेनी हातात आल्यावर काय काय पाहायचं

युरोपातल्या मध्ययुगीन चांदीच्या नाण्यांकडे वळलेल्या संग्राहकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "हे खरं आहे का हो?" प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या आधी दुसरा विचारायला हवा : हे नेमकं आहे काय? राजा कोण, टांकसाळ कुठली, साल साधारण कोणतं, आणि त्या काळात या नाण्याचं वजन किती असायला हवं होतं? एवढं ठरलं की खऱ्याखोट्याचं निम्म्याहून जास्त काम उरकलेलं असतं. नकली नाणं करणाऱ्याला चांदी सहज मिळते. त्याला जड जातं ते सगळे तपशील एकमेकांशी जुळवणं. मुकुट एका दशकाचा, अक्षरं दुसऱ्या दशकाची आणि वजन शंभर वर्षांनंतरचं, अशी खिचडी नकलेत हमखास सापडते, पण ती दिसायला आपल्याला आधी नाणं वाचता यायला हवं.

सगळा युरोप एकदम अंगावर घेण्यात अर्थ नाही. म्हणून इथे मुख्य पात्र एकच घेतलं आहे, इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डची पेनी. 1279 पासून ही नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली, त्यामुळे आजही ती मुबलक आणि परवडणारी आहेत. त्यांचा अभ्यास इतका बारकाईने झाला आहे की एका बिंदूवरून नाण्याचं साल पाच-दहा वर्षांच्या आत आणता येतं. शिकायला याहून चांगलं नाणं मला तरी माहीत नाही.

कुळाची ओळख

आठव्या शतकाच्या शेवटी शार्लमेनने एक पौंड चांदीची 240 नाणी असा हिशेब बसवला. बारा नाण्यांचा एक सू, वीस सूंचा एक पौंड. फ्रान्सचा दनिये, जर्मनीचा फेनिग, इटलीचा दनारो आणि इंग्लंडची पेनी ही सगळी त्याच घरातली भावंडं. त्यामुळे दीडेक ग्रॅमच्या आतबाहेरचं, पातळ, सतरा ते वीस मिलिमीटरचं आणि एका बाजूला क्रूस असलेलं चांदीचं नाणं समोर आलं, की ते बहुधा या कुटुंबातलं असतं.

पुढे व्यापार वाढला तशी मोठी नाणी आली. व्हेनिसचा ग्रोसो बाराव्या शतकाच्या अखेरीस एन्रिको दांदोलोच्या कारकिर्दीत सुरू झाला. वजन सुमारे 2.18 ग्रॅम, चांदी जवळपास शुद्ध, एका बाजूला डोज (व्हेनिसचा राज्यप्रमुख) आणि संत मार्क, दुसऱ्या बाजूला सिंहासनावर बसलेला ख्रिस्त. (याच व्हेनिसच्या सोन्याच्या डकॅटवर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला डोज आहे. ती नाणी आपल्याकडे आली आणि पुतळ्या म्हणून माळेत ओवली गेली. आजीच्या पुतळीहारावरची आकृती निरखून पाहिली असेल तर हा डोज ओळखीचा वाटेल.) फ्रान्समध्ये नवव्या लुईने 1266 मध्ये सव्वाचार ग्रॅमच्या आसपासचा ग्रो तुर्नुआ काढला. त्यावर दोन ओळींचा गोल मजकूर आणि बारा लिली फुलांची किनार असते. बोहेमियात दुसऱ्या व्हात्स्लाव्हने 1300 मध्ये कुटना होराच्या खाणींतल्या चांदीतून प्राग ग्रोशेन पाडले, मुकुट एका बाजूला आणि सिंह दुसऱ्या बाजूला. जर्मन मुलुखात कागदासारखी पातळ, एकाच बाजूने ठोकलेली ब्रॅक्टिएट मिळतात. त्यांची मागची बाजू म्हणजे पुढच्या चित्राचा खोलगट उलटा ठसा. हे पाहून नवखा माणूस नाणं खोटं ठरवतो, पण ते तसंच असतं.

एवढी वाटणी डोक्यात ठेवून पेनीकडे वळू.

हाताशी काय लागेल

दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, प्लॅस्टिकचा कॅलिपर (धातूचा कॅलिपर नाण्याला चरे पाडतो) आणि मान वाकवता येणारा टेबल लॅम्प. दिवा सर्वांत महत्त्वाचा. तो डोक्यावरून नको, बाजूने, टेबलाला जवळजवळ समांतर धरा. त्या तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही सावली टाकतात. टेबलावर मऊ कापड पसरा आणि नाणं नेहमी कडेने धरा.

पहिली पायरी : वजन आणि व्यास

1279 च्या नव्या पेनीचं ठरलेलं वजन 22.25 ग्रेनच्या आसपास होतं, म्हणजे सुमारे 1.44 ग्रॅम. झीज धरून 1.30 ते 1.45 ग्रॅम दिसलं तर ठीक. पुढे वजन उतरत गेलं. 1351 मध्ये पेनी 18 ग्रेनची झाली (सुमारे 1.17 ग्रॅम), 1412 मध्ये 15 ग्रेनची (0.97 ग्रॅम), 1464 मध्ये 12 ग्रेनची (0.78 ग्रॅम). वजन असं स्वतःच एक कालगणना आहे. पहिल्या एडवर्डच्या नावाची गोल, न कातरलेली पेनी 0.95 ग्रॅम भरली किंवा 2.1 ग्रॅम भरली, तर पुढचं काही पाहण्याआधीच भुवया उंचवाव्यात. हलकी असेल आणि कडेने कातरलेली स्पष्ट दिसत असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

व्यास साधारण 18 ते 20 मिलिमीटर. पर्यटकांच्या दुकानातल्या प्रतिकृती अनेकदा जाड असतात, कारण पातळ चकती नीट ओतणं कठीण जातं. जाडी बोटांना चटकन कळते.

दुसरी पायरी : क्रूस पाहा

राजाचा चेहरा पाहून नाणं ओळखायचा मोह टाळा. ही चित्रं कुणाची हुबेहूब प्रतिमा नाहीत, पिढ्यानपिढ्या तोच ठोकळेबाज चेहरा चालला. नाणं उलटा आणि क्रूस पाहा.

क्रूस आखूड असेल, दुहेरी रेषेचा असेल आणि प्रत्येक कोनाड्यात चार बिंदूंचं फूल असेल, तर ती शॉर्ट क्रॉस पेनी, 1180 ते 1247. इथे एक गंमत आहे. दुसऱ्या हेन्रीने हा नमुना सुरू केला, पण नंतर रिचर्ड आणि जॉन गादीवर आले तरी नाण्यावरचं नाव 'हेन्रिकस रेक्स' हेच राहिलं. रिचर्डच्या नावाची किंवा जॉनच्या नावाची इंग्लिश पेनी अस्तित्वातच नाही (जॉनच्या नावाची नाणी आहेत ती आयर्लंडची). तेव्हा "रिचर्ड द लायनहार्टच्या नावाची इंग्लिश पेनी" असं कुणी दाखवलं आणि त्यावर खरोखर रिचर्डचं नाव असेल, तर तपासायचं काही उरलं नाही. विक्रेता "रिचर्डच्या काळातली" म्हणत असेल तर ते शक्य आहे. तो काळ राजाच्या केसांच्या वळणांवरून आणि अक्षरांवरून ठरतो.

क्रूस दुहेरी रेषेचाच, पण थेट कडेपर्यंत पोहोचलेला आणि कोनाड्यांत तीन-तीन बिंदू, तर ती तिसऱ्या हेन्रीची लाँग क्रॉस पेनी, 1247 ते 1279. कडेने चांदी कातरून घेणाऱ्यांना आळा बसावा म्हणून क्रूस कडेपर्यंत नेला. क्रूसाची टोकं दिसत नसतील तर नाणं कातरलेलं, असं कुणालाही कळावं. कातरणं थांबलं नाही ते नाहीच. 1278 मध्ये या आरोपावरून इंग्लंडभर ज्यूंची धरपकड झाली आणि लंडनमध्ये अडीचशेहून अधिक ज्यूंना फाशी दिलं गेलं. नवी नाणी आली ती या पार्श्वभूमीवर.

क्रूस लांब, पण एकेरी, भरीव पट्टीचा आणि प्रत्येक कोनाड्यात तीन बिंदू, तर ती 1279 नंतरची एडवर्डची पेनी. हाच नमुना पुढे दोन शतकांहून जास्त टिकला, म्हणून पुढची पायरी टाळता येत नाही.

तिसरी पायरी : अक्षरं वाचा

राजाच्या डोक्यावर, घड्याळात बारा वाजतात तिथे एक छोटा क्रूस असतो. वाचायला तिथून सुरुवात करा आणि उजवीकडे फिरत जा. अक्षरं लोम्बार्डी वळणाची आहेत. ई गोल आणि पुढून मिटलेला, सी देखील मिटलेला, त्यामुळे दोन्ही सुरुवातीला सारखेच वाटतात. ई च्या पोटात आडवी दांडी असते, एवढा फरक लक्षात ठेवा. यू च्या जागी व्ही येतो.

मजकूर बहुतेक असा : ई-डी-डब्ल्यू, आर, ए-एन-जी-एल, डी-एन-एस, एच-वाय-बी. पूर्ण रूप, 'एडवर्डस रेक्स आंग्लिये डोमिनस हिबर्निये', म्हणजे इंग्लंडचा राजा आणि आयर्लंडचा अधिपती एडवर्ड.

तिन्ही एडवर्ड एकाच नावाचे, क्रमांक कुठेच नाही. तरी नावाची लांबी पाहून ढोबळ अंदाज बांधता येतो. नाव तीनच अक्षरांत, ई-डी-डब्ल्यू असं असेल तर बहुधा पहिला एडवर्ड. पुढे ए जोडून ई-डी-डब्ल्यू-ए असेल तर पहिल्याच्या कारकिर्दीचा शेवट किंवा दुसरा एडवर्ड. त्याहून लांब नाव असेल तर दोन शक्यता, 1302 च्या आसपासचा एक छोटा टप्पा किंवा थेट तिसरा एडवर्ड. निर्णय मुकुट आणि वजनावर द्यायचा. हा नियम शंभर टक्के नाही, पण टेबलावर नाणं घेऊन बसल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात उपयोगी पडतो.

शिवराई हाताळलेल्या माणसाला इथे थोडं सांभाळावं लागतं. शिवराईचा डाय (चकतीवर ठसा उमटवणारा कोरीव साचा) चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे अर्धा मजकूर नाण्याबाहेर गेलेला आपण गृहीत धरतो. पेनीचा डाय चकतीच्या मापाचा होता. नाणं थोडं तिरकं ठोकलं गेलं असेल तर एका बाजूची दोन-तीन अक्षरं जातात, पण चारही बाजूंनी अक्षरांचे माथे उडालेले दिसले तर ते कातरकाम आहे. बाकी ठोकीव नाण्याची चकती कशी चिरते, डाय कसा घसरतो, ठसा दुहेरी कसा उमटतो, हे शिवराईवर शिकलेला डोळा पेनीवरही तितकाच चालतो.

चौथी पायरी : टांकसाळ

मागच्या बाजूचा मजकूर क्रूसामुळे चार तुकड्यांत विभागलेला असतो. पूर्वी इथे नाणं पाडणाऱ्याचं नाव असायचं. हेन्रीच्या पेनीवर 'निकोल ऑन लुंड' म्हणजे लंडनचा निकोल. 1279 ला ही पद्धत बंद झाली आणि फक्त गावाचं नाव उरलं. अपवाद एकच, बरी सेंट एडमंड्सच्या टांकसाळीने सुरुवातीला रॉबर्ट द हॅडली याचं नाव नाण्यावर चालू ठेवलं. ते नाव दिसलं तर विसंगती समजू नका, उलट आनंद माना.

'सिविटास लंडन' आणि 'सिविटास कँटोर' (कँटरबरी) ही सर्वांत जास्त मिळतात. 'सिविटास एबोरासी' म्हणजे यॉर्क, 'सिविटास ड्युरेम' म्हणजे डरम, 'विल नोव्ही कास्त्री' म्हणजे न्यूकॅसल, 'विला बेरेविकी' म्हणजे बेरिक, 'विल स्की एडमुंडी' म्हणजे बरी सेंट एडमंड्स. 'विल किंगस्टन' हे हल शहर. एक्सेटर, चेस्टर, लिंकन, ब्रिस्टल यांची नाणी तुलनेने कमी.

डरमची नाणी मला विशेष आवडतात, कारण तिथे टांकसाळ बिशपच्या हाती होती आणि बिशप आपली खूण सोडून जात. अँटनी बेक (1283 ते 1311) याच्या नाण्यांवर सुरुवातीच्या साध्या क्रूसाच्या जागी टोकं दुभंगलेला क्रूस येतो. त्याच्या नंतरच्या केलॉच्या नाण्यावर मागच्या क्रूसाची एक भुजा धर्मदंडासारखी वळलेली असते, आणि पुढच्या बोमाँच्या नाण्यावर सिंह आणि लिली. यॉर्कच्या आर्चबिशपच्या नाण्यात क्रूसाच्या मध्यभागी चार पाकळ्यांची खूण असते.

याचा पारखीशी संबंध असा. समजा तुमच्या पेनीवर 'सिविटास ड्युरेम' आहे, दुभंगलेल्या टोकांचा क्रूस आहे, नाव ई-डी-डब्ल्यू-ए असं आहे आणि वजन 1.38 ग्रॅम. चारही गोष्टी 1300 ते 1311 याच काळात येऊन मिळतात. आता तीच बेकची खूण आणि मागे 'सिविटास लंडन' असेल तर? अशा जोड्या नकली डाय करणारा नकळत बनवतो. त्याच्यासमोर दोन वेगवेगळ्या नाण्यांचे फोटो असतात आणि एकाची पुढची बाजू तो दुसऱ्याच्या मागच्या बाजूला लावतो. लगेच खोटं म्हणू नका, खऱ्या टांकसाळीतही क्वचित चुकीची जोडी जमलेली आहे, पण असं नाणं तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका.

पाचवी पायरी : वर्ग

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फॉक्स बंधूंनी 1279 नंतरच्या पेनींचे वर्ग पाडले आणि आजही तेच आकडे चालतात. पहिल्या एडवर्डचे 1 ते 10, दुसऱ्याचे 11 ते 15, आणि दहावा वर्ग दोघांच्या सीमेवरून पुढे जातो. मुकुटाची फुलं, छातीवरची खूण, एन उलटा की सुलटा, अशा गोष्टींवर ही वाटणी आहे. दुसऱ्या वर्गात उलटे एन पुष्कळ दिसतात. सातव्यात छातीवर गुलाब येतो, नवव्यात बऱ्याचदा तारा. पहिल्या दिवशी उपवर्गापर्यंत जायचा हट्ट करू नका. इंग्लंड-वेल्समधल्या सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा विदा नेटवर सर्वांना खुला आहे. त्यात हजारो पेनी फोटो, वजन आणि वर्गासह आहेत. आपलं नाणं त्यातल्या वीस-पंचवीस नाण्यांशेजारी ठेवून पाहिलं की वर्ग आपसूक ध्यानात यायला लागतो. स्पिंक या लंडनच्या नाणेव्यापारी कंपनीचा वार्षिक कॅटलॉग विकत घेणं शक्य असेल तर जरूर घ्या. जुनी आवृत्तीही चालते, भाव बदलतात, नाणी नाहीत.

शेजारीपाजारी

आयर्लंडच्या पेनीवर एडवर्डचं डोकं त्रिकोणात असतं. स्कॉटलंडच्या तिसऱ्या अलेक्झांडरचा चेहरा बाजूने दिसतो आणि क्रूसाच्या कोनाड्यांत बिंदूंऐवजी तारे असतात.

खरी मजा समुद्रापलीकडची. इंग्लिश पेनीवर सगळ्यांचा विश्वास, म्हणून फ्लँडर्स, एनो, कांब्रे, लक्झेंबर्ग इथल्या सरदारांनी आणि बिशपांनी तशीच दिसणारी नाणी आपल्या नावाने पाडली. काहींच्या राजाच्या डोक्यावर मुकुटाऐवजी गुलाबांची माळ असते, काहींचं डोकं उघडं. इंग्लंडमध्ये यांना क्रॉकर्ड आणि पोलर्ड म्हणत. 1299 च्या अखेरीस त्यांची किंमत अर्ध्या पेनीवर आणली गेली आणि 1300 मध्ये ती चलनातूनच बाद झाली. पुढे लक्झेंबर्गच्या आंधळ्या जॉनने तर मजकूरही असा रचला की घाईत एडवर्डचंच नाव वाटावं. 1351 च्या राजद्रोहाच्या कायद्यात अशी लक्झेंबर्गी नाणी इंग्लंडात आणणं हा राजद्रोह ठरवला गेला. आज हे सगळं 'त्या काळचं अनुकरण' म्हणून गोळा केलं जातं आणि पुष्कळदा अस्सल लंडन पेनीहून महाग विकलं जातं. तेव्हा मजकूर जुळत नाही म्हणून नाणं फेकू नका. ते खोटं नसून वेगळं असू शकतं.

आता पारख

ही नाणी दोन डायमध्ये ठोकून होत. खालचा डाय लाकडाच्या ठोकळ्यात रोवलेला, वरचा हातात, मध्ये चांदीची चकती आणि वरून हातोडा. या एका प्रक्रियेच्या खुणा शोधणं म्हणजे पारख.

सर्वांत आधी कड. भिंगाखाली नाणं फिरवत पूर्ण कड पाहा. ठोकलेल्या पातळ चकतीला बाहेरून आत जाणाऱ्या लहान चिरा असतात, कड ओबडधोबड पण वापराने गुळगुळीत झालेली असते. कडेच्या मध्यातून जाणारी बारीक रेघ दिसली तर दोन साच्यांतून ओतलेलं नाणं समजा. आणि कडेवर सगळीकडे कानसीचे ताजे चरे असतील तर कुणीतरी ती रेघ घासून काढली आहे. मध्ययुगात कातरलेल्या जागेवर बाकी नाण्यासारखाच काळसर थर चढलेला असतो. कातर चकचकीत असेल तर ती आजची.

मग अक्षरांच्या मुळाशी जा. डाय करणारा अक्षरं कोरत नसे, लहान पंच ठोकून उमटवत असे. म्हणून एकाच नाण्यावरचे दोन ई किंवा दोन एन जवळजवळ जुळे असतात. पंच तुटला असेल तर तोच तुटका कोपरा प्रत्येक ठिकाणी दिसतो. हाताने कोरलेल्या नकली डायमध्ये प्रत्येक ई वेगळा निघतो. शिवाय ठोकलेल्या अक्षराची भिंत जिथे पृष्ठभागाला भिडते तिथे कोपरा धारदार असतो आणि कडेकडची अक्षरं बाहेर ओढल्यासारखी पसरलेली दिसतात. ओतीव नाण्यात हाच कोपरा साबणाच्या वडीसारखा गोल होतो आणि मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. खड्डे जमिनीत पुरल्यामुळेही पडतात, पण ते वेडेवाकडे आणि ठिकठिकाणी असतात. ओतकामातले बुडबुडे गोल असतात.

झीज कुठे आहे तेही पाहा. खरी झीज उंच भागांवर येते, केसांचे झुपके, नाक, मुकुटाचं मधलं फूल. खोलगट भागातही तपशील तितकाच पुसट असेल तर झिजलेल्या नाण्याचा साचा घेतलेला असण्याची शक्यता मोठी. झीज आणि कच्चा ठोका यांतही फरक करता यायला हवा. चकती एका जागी पातळ असेल तर तिथे दोन्ही बाजूंना ठसा कच्चा उमटतो. म्हणजे राजाच्या डाव्या कानाजवळ पुसट असेल तर नाणं उलटून नेमकी त्याच्या पाठीमागची जागा पाहा. तीही पुसट असेल तर ते अस्सलपणाचंच लक्षण.

माझ्या मते सर्वांत भरवशाची कसोटी जुळ्यांची आहे. एकाच डायची दोन नाणी असणं स्वाभाविक आहे. पण हाताने ठोकलेल्या दोन नाण्यांची चकती, चिरा, तिरकेपणा आणि झीज कधीच सारखी नसते. विक्रेत्याच्या फोटोतलं नाणं आणि दुसऱ्या कुठल्या तरी लिलावातलं नाणं यांच्यावर तीच चीर, तोच खड्डा, तीच कातर दिसली तर किमान एक तरी ओतीव आहे, बहुधा दोन्ही. म्हणून विकत घेण्याआधी फोटोवरून उलटा शोध घ्यायची सवय लावा. फुकट आहे आणि पाच मिनिटांचं काम आहे.

काळेपणावर भुलू नये. गंधकाच्या औषधाने चांदी तासाभरात काळी करता येते. असा रंग बऱ्याचदा सगळीकडे सारखा बसतो. रंग किंवा मेण फासलं असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे) बुडवल्यावर ते सुटतं, चांदीला काही होत नाही. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको.

घनता आणि मशीन

नेटवर सगळीकडे घनता तपासा म्हणून सांगतात. पेनीच्या बाबतीत हिशेब करून पाहा. स्टर्लिंग चांदीत 92.5 टक्के चांदी, घनता सुमारे 10.36. नाणं 1.40 ग्रॅमचं असेल तर पाण्यात त्याचं वजन 0.135 ग्रॅमने घटायला हवं. तुमचा काटा 0.01 पर्यंतच दाखवतो, म्हणजे तो 0.13 तरी म्हणेल किंवा 0.14. पहिल्याने घनता 10.8 येते, दुसऱ्याने 10.0. या दोन आकड्यांमध्ये शुद्ध चांदीपासून बऱ्यापैकी भेसळीपर्यंत सगळं बसतं. 0.001 ग्रॅम दाखवणारा काटा असेल तरच हा खटाटोप करा, आणि तेव्हाही त्यातून फक्त तांब्या-पितळेची नक्कल बाद होते. आजच्या स्टर्लिंग चांदीत ठोकलेली नक्कल या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेते.

सराफाकडच्या एक्सआरएफ मशीनचा (क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण सांगणाऱ्या) उपयोग होतो, पण आकडा समजून घ्यायला हवा. मशीन फक्त पृष्ठभाग वाचतं. शतकानुशतकं जमिनीत राहिलेल्या नाण्याच्या वरच्या थरातलं तांबं निघून जातं, म्हणून खऱ्या नाण्यावर 95 किंवा त्याहून जास्त टक्के चांदी दिसू शकते. त्यापेक्षा बारीक नोंदी पाहा. मध्ययुगीन शुद्धीकरणात सगळं शिसं आणि सोनं निघत नसे, त्यामुळे त्यांचा अंश सहसा सापडतो. चांदी आणि तांब्याखेरीज काहीच नाही, किंवा 99.9 टक्के शुद्ध, असं आलं तर संशय घ्या. सराफ सवयीने नाणं कसाच्या दगडावर घासायला जाईल. त्याला आधीच बजावून ठेवा.

लोहचुंबकाला चिकटलं तर खोटं हे बरोबर, पण न चिकटल्याने काहीच सिद्ध होत नाही, तांबं, शिसं, कथील काहीच चिकटत नाही. आणि नाणं फरशीवर वाजवून आवाज ऐकायचा प्रकार तर अजिबात नको. सातशे वर्षांत चांदी आतून ठिसूळ होते. खरं नाणंही बद्द वाजतं आणि कधी दोन तुकडे होतात.

देव्हाऱ्यातली चांदी उजळतो तसं हे नाणं चिंच, राख, टूथपेस्ट लावून उजळू नका. तुम्ही अस्सलपणाचा निम्मा पुरावा आणि जवळपास तेवढीच किंमत धुऊन टाकाल.

दुर्मीळ ते संशयित

1279 मध्ये चार पेनीचा ग्रोटही निघाला होता, सुमारे 5.77 ग्रॅमचा. तो चलनात रुजला नाही. जे वाचले त्यांतल्या पुष्कळांना पुढे मुलामा देऊन ब्रोच बनवलं गेलं, म्हणून अस्सल ग्रोटवर बऱ्याचदा जोडकामाच्या किंवा मुलाम्याच्या खुणा असतात. स्वच्छ, कोरा ग्रोट स्वस्तात मिळत असेल तर तो प्रतिकृती असणार. ब्रिटिश संग्रहालयांच्या दुकानांत मिळणाऱ्या प्रतिकृतींवर कुठेतरी डब्ल्यू-आर-एल अशी बारीक अक्षरं असतात. ती घासून नाणं विकणारे आहेत, तेव्हा मोकळ्या जागेत घासल्याचा सपाट डाग दिसतो का ते पाहा.

खरेदी आणि कायदा

भारतात राहणाऱ्यांसाठी क्रम फार महत्त्वाचा आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष, आणि खासगी व्यक्तीला त्याची निर्यात करता येत नाही. व्याख्येत नाणं कुठल्या देशाचं हा मुद्दाच नाही. म्हणजे पुण्यात येऊन पोहोचलेली पेनी "जरा तपासून द्या" म्हणून लंडनला किंवा अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपनीला धाडणं अडचणीचं ठरू शकतं. त्यामुळे तपासणी, प्रमाणपत्र, एनजीसी किंवा पीसीजीएस या ग्रेडिंग कंपन्यांची (नाण्याचा अस्सलपणा आणि दर्जा ठरवणाऱ्या) सीलबंद पेटी, जे काही हवं ते नाणं तिकडे असतानाच करून घ्या. पेटीतलं नाणं घेतलं तर तिचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून तिथला फोटो आपल्या नाण्याशी ताडून पाहा, कारण पेट्याही नकली निघतात. विक्रेत्याकडे तिकडच्या निर्यात परवान्याबद्दल विचारा, बिलावर पूर्ण वर्णन आणि परताव्याची अट लिहून घ्या. नाण्यासोबत जुन्या संग्रहाचं पिवळं पडलेलं तिकीट किंवा लिलावाचा क्रमांक आला तर तो नाण्याइतकाच जपा.

इंग्लंडमध्ये राहणारे आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतात जाणारे मराठी लोकही आता आहेत. तिथे जमीनमालकाची परवानगी आधी. तीनशे वर्षांहून जुनी दोन किंवा जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली तर 1996 च्या ट्रेझर कायद्याखाली चौदा दिवसांत कॉरोनरला (अशा सापडलेल्या वस्तूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. एकटंदुकटं नाणं असेल तरी स्थानिक फाइंड्स ऑफिसरला दाखवून नोंद करून घ्या. त्या नोंदीचा क्रमांक हा अस्सलपणाचा उत्तम दाखला.

ठेवायचं कसं

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी पाकिटात नाणं हिरवं आणि चिकट होतं, म्हणून मायलरची खिडकी असलेलं पुठ्ठ्याचं होल्डर घ्या. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद लांब ठेवा, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि दर महिन्याला बदला. होल्डरवर पेन्सिलीने टांकसाळ, वर्ग, वजन, व्यास, कुणाकडून आणि कधी घेतलं हे लिहा. होल्डर बंद करण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे तिरप्या उजेडातले फोटो काढून ठेवा.